पीटीझेड कॅमेरा डीव्हीआर कार्डाला जोडलाय, चित्र येतं पण कॅमेरा हलत नाही. सल्ला हवा

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या होड्या पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत वर ओढून शाकारून ठेवतो. १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि नारळी पौर्णिमा होईपर्यंत बहुतेक होड्या तिथेच. गेल्या पावसात दोन होड्यांवरच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या, एकीचं डिझेल काढून नेलं. रात्री पावसात राखणीला माणूस उभा करायचा म्हणजे त्याचे हाल.

दापोलीच्या एका हॉटेलने काढून टाकलेला जुना स्पीड डोम (घुमटातला पीटीझेड, म्हणजे फिरणारा आणि झूम होणारा कॅमेरा) मिळाला, २४ व्होल्ट एसीवर चालणारा. निसर्ग वादळात जुना खांब पडला होता, त्याजागी आता २० फुटी जीआय खांब आहे. त्यावर तो बसवला. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ४ चॅनलचं डीव्हीआर कार्ड (चार कॅमेऱ्यांचं चित्र कॉम्प्युटरवर दाखवणारं आणि साठवणारं) आहे. खांब ते ऑफिस १८० मीटर, आरजी-६ कोएक्स केबल टाकली. चित्र स्वच्छ येतं. पण स्क्रीनवरचे बाण दाबून कॅमेरा ढिम्म हलत नाही, झूमही नाही. डोममधून आणखी दोन बारीक वायरी लोंबतायत, पिवळी आणि केशरी. कार्डाला त्या लावायला जागाच नाही. इन्स्टॉलरने पाहिलं आणि कार्ड गेलंय, नवीन मशीन घ्या म्हणाला. खरंच घ्यावं लागेल का? सोसायटीकडे फार पैसे नाहीत.

सोल्डरगन
घेऊ नका. कार्ड ठणठणीत आहे, नाहीतर चित्र आलंच नसतं.

जाडी कोएक्स केबल फक्त चित्र आणते. ‘डावीकडे फिर, झूम कर’ हे सांगायला वेगळी वाट लागते, आणि तुमच्या त्या दोन बारीक वायरी म्हणजेच ती वाट. तिला आरएस-४८५ म्हणतात. काही कार्डांसोबत त्यासाठी वेगळा पोर्ट येतो, तुमच्या कार्डात तो दिसत नाही. मग यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर घ्या, बोटाएवढा असतो. वीज कडाडणाऱ्या गावासाठी आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणाऱ्या) प्रकारचाच घ्या, थोडा महाग पडला तरी. कन्व्हर्टरचा ए एका वायरीला, बी दुसरीला. कुठल्या कंपनीचा ए म्हणजे दुसऱ्या कंपनीचा बी असतो, त्यामुळे चाललं नाही तर वायरी अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

१८० मीटर काहीच नाही, ४८५ हजार-बाराशे मीटर जातं. फक्त वायर पीळ दिलेली हवी. कॅट-६ केबलमधली एक जोडी घ्या, एका जोडीतल्याच दोन वायरी. वेगवेगळ्या जोड्यांतली एक-एक घेतली तर पिळाचा उपयोग राहत नाही.

आधी एक सांगा, लाइट दिल्यावर डोम स्वतःहून एक गिरकी घेतो का?

खाडीकाठ
हो दादा! वर-खाली मान हलवतो, पूर्ण फिरतो आणि थांबतो.

सोल्डरगन
मग मोटर आणि झूमची चिंता सोडा. तो सेल्फ टेस्ट करतोय. फक्त त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाही.

दापोली_नेट
एवढा खटाटोप कशाला? जुनं ॲनालॉग सगळं काढा आणि आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारा पीटीझेड घ्या. एकाच नेटवर्क केबलवरून चित्र, कंट्रोल, पॉवर सगळं जातं. ओनव्हिफ (सगळ्या कंपन्यांची सामाईक पद्धत) चालणारा घेतला की कुठल्याही एनव्हीआरला (नेटवर्क कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला) लागतो. या कार्डावर पाल (जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं) चित्र, फार तर ७०४ बाय ५७६ ठिपक्यांचं. चोराचा चेहरा ओळखणार कसा?

सोल्डरगन
पैसे असते तर मीही तेच म्हणालो असतो. पण सोसायटीच्या हातात जे आहे ते दोन वायरींपायी टाकून द्यायचं मला पटत नाही. शिवाय झूम ऑप्टिकल आहे, ७०४ बाय ५७६ मध्येही होडीचा नंबर वाचता येईल. नवीन घेताना एवढं लक्षात ठेवा की एचडी-टीव्हीआय किंवा एएचडीचा (कोएक्सवर एचडी चित्र देणारा) कॅमेरा या कार्डावर दिसणार नाही. ज्याचं आउटपुट सीव्हीबीएसवर (जुन्या साध्या ॲनालॉग चित्रावर) बदलता येतं तोच चालेल.

मालवणी_वायरमन
भाऊ, आमच्या मालवणात मी हेच काम करतो. खारो वारो कोणाक सोडित नाय. बीएनसीचे (कोएक्सच्या टोकाच्या पिनेचे) जोड तीन महिन्यांत हिरवे पडतात, मग चित्रात पट्टे येतात आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. बाहेरचा प्रत्येक जोड आधी सिलिकॉन ग्रीस लावून घट्ट करायचा, वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून गुंडाळायची. साधी काळी टेप उन्हात सुटते. केबल डब्यात खालून शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून टपकून जातं, डब्यात येत नाही.

२४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कुठे आहे? ऑफिसात ठेवून १८० मीटर नेला असेल तर दाब वाटेतच उतरतो. मग मोटर फिरायला लागली की डोम रीसेट होतो आणि पुन्हा गिरकी घेतो. खांबाजवळ ठेवा.

खाडीकाठ
खांबावरच डबा आहे, बर्फाच्या शेडमधून लाइन आलीय. कन्व्हर्टर मागवतो.

खाडीकाठ
आठ दिवसांनी पुन्हा. कॅट-६ ओढली, कन्व्हर्टर लावला. अजून हलत नाही. वायरी उलटसुलट करून पाहिल्या. सॉफ्टवेअरमध्ये पेल्को-पी (कॅमेऱ्याशी बोलायची भाषा) आहे, वेग ४८०० बॉड, कॅमेऱ्याचा पत्ता १. कॉम पोर्ट १ ते ४ पैकी निवडायला सांगतं, मी १ ठेवलाय.

सोल्डरगन
तिथेच अडलंय. यूएसबी कन्व्हर्टरला विंडोज बहुतेक कॉम ५, ७ असा पुढचा नंबर देतं आणि जुन्या सॉफ्टवेअरला ४ च्या पुढचं दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कन्व्हर्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग, ॲडव्हान्स्ड, तिथे कॉम ३ करा. मग बाण दाबून कन्व्हर्टरवरचा टीएक्स (पाठवण्याचा) दिवा लुकलुकतो का बघा. दिवा लुकलुकला म्हणजे कॉम्प्युटरकडून निरोप निघाला.

खाडीकाठ
कॉम ७ होता! कॉम ३ केला. दिवा लुकलुकतोय. कॅमेरा मात्र अजून गप्प.

वेंगुर्ल्याची_ताई
पत्ता आणि भाषा जुळत नसणार. डोम उघडून आतली डिप स्विचची (छोट्या ऑन-ऑफ बटणांची) पट्टी बघा. स्विच १ म्हणजे १, २ म्हणजे २, ३ म्हणजे ४, ४ म्हणजे ८. जे ऑन आहेत त्यांची बेरीज म्हणजे पत्ता. हॉटेलात चार-पाच कॅमेरे असतील तर तुमचा पहिलाच असेल असं नाही.

आणि पेल्को-पी मध्ये पत्ता शून्यापासून मोजतात, कॅमेरा १ ला तारेवरून ० जातो. काही सॉफ्टवेअर हा हिशेब करतात, काही करत नाहीत, त्यामुळे पत्ता एका आकड्याने चुकतो. डोमला चालत असेल तर पेल्को-डी घ्या, त्यात १ म्हणजे १. बॉड २४०० ठेवा, पण दोन्हीकडे तोच हवा. डोमवर काही बदललंत तर लाइट बंद करून पुन्हा द्या, नाहीतर तो जुनंच धरून बसतो.

खाडीकाठ
ताई, स्विच १ आणि २ दोन्ही ऑन होते! म्हणजे पत्ता ३. सॉफ्टवेअरमध्ये ३ केला, पेल्को-डी, २४००. बाण दाबला आणि कॅमेरा वळला. ऑफिसात बसलेले सगळे उठून स्क्रीनपाशी आले. पलीकडच्या काठावरच्या होडीचा नंबर वाचला आम्ही. तुमचे सगळ्यांचे फार फार आभार.

आता रात्रभर फिरत ठेवायचा विचार आहे. कसं करू?

वेंगुर्ल्याची_ताई
प्रिसेट करा. होड्यांची रांग, रस्त्याचं तोंड, डिझेलची टाकी, एकेक जागा झूमसकट साठवा आणि प्रत्येकीवर २०-३० सेकंद थांबणारी फेरी लावा. फेरी चालू असताना त्या चॅनलचं मोशन डिटेक्शन बंद ठेवा, कॅमेरा वळला की त्याला अख्खं चित्रच हललेलं वाटतं. आणि कॅमेरा रस्त्याकडे असताना टाकीकडे कोणी बघत नसतं. कार्डावर तीन चॅनल रिकामे आहेत, एक साधा स्थिर कॅमेरा टाकीवर कायमचा लावाच.

सोल्डरगन
वळीव सुरू व्हायच्या आत सर्ज प्रोटेक्टर बसवा, कोएक्सला वेगळा आणि ४८५ ला वेगळा, आणि त्यांची अर्थिंग खांबाच्या अर्थिंगला नीट जोडा. तरीही ढग गडगडायला लागले की ऑफिसातल्या माणसाने बीएनसी आणि यूएसबी दोन्ही काढून ठेवायची सवय लावा. आमच्याकडे ऑक्टोबरच्या एका गडगडाटात कार्ड, मदरबोर्ड आणि मॉनिटर एकदम गेले, तेव्हापासून मी हे सांगायचं चुकवत नाही.

खाडीकाठ
प्रोटेक्टर आजच चिपळूणहून मागवतो. टाकीवरच्या कॅमेऱ्याचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये घालतो, २५ तारखेला आहे. ३१ मेच्या आत होड्या वर येतायत, त्याआधी प्रिसेट करून ठेवतो.

मालवणी_वायरमन
प्रिसेट होड्या वर आल्यावरच करा. रांग दरवर्षी त्याच जागी लागत नाय.