मदत हवी आहे: सौदीहून आणायच्या फोनला बँड 5 नाही, शेतातल्या आखाड्यावर जिओ लागेल का?

मंडळी, माझा चुलतभाऊ दम्मामला कामाला असतो. पुढच्या महिन्यात गावी येतोय, येताना वडलांसाठी स्वस्तातला अँड्रॉइड फोन आणतो म्हणतोय. डब्यावरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघितला. 4जी बँड (म्हणजे फोन ज्या फ्रिक्वेन्सीवर रेंज पकडतो ते पट्टे) दिसले ते हे: 1, 3, 7, 8, 20, 28, 38, 40. त्याच फोनच्या भारतातल्या मॉडेलला 5 आणि 41 पण आहेत.

घोर लागलाय तो 5 नंबरचा. आमचं गाव अंबाजोगाईच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. आखाडा गावापासून लांब, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात. जिओचं 4जी तीन बँडवर चालतं: 3 म्हणजे 1800, 5 म्हणजे 850 आणि 40 म्हणजे 2300 मेगाहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी जेवढी कमी तेवढी रेंज लांब जाते, भिंतीतूनही आत येते. म्हणून आखाड्यावर जी एखादी कांडी दिसते ती 850चीच असावी असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर हा फोन गावात फुल्ल चालेल आणि रानात गेला की बंद.

रात्रीची लाइट असली की वडील मोटार चालू करायला तिथं एकटेच असतात. साप-विंचवाचं रान आहे. चार पैसे वाचले नाहीत तरी चालेल, पण हाक मारली की फोन लागला पाहिजे.

आखाड्यावर नेमका कोणता बँड येतो, हे फोन घेण्याआधी कसं तपासू? आणि सिम बदलून काम भागेल का?

गोदाकाठ: घरात बँड 5 असलेला, जिओ चालणारा अँड्रॉइड असेल तर त्यात नेटमॉन्स्टर हे अ‍ॅप टाका आणि आखाड्यावर जाऊन उघडा. फोन त्या घडीला कोणत्या बँडवर आहे ते दिसतं. बाहेर उभं राहून बघा, मग आत पत्र्याखाली जाऊन बघा. आत गेल्यावर 5च उरत असेल तर भावाला सरळ नको म्हणून सांगा.

रानवाट: बँड जुळला तरी व्होल्टीचं, म्हणजे 4जीवरून कॉल लागायच्या सोयीचं, राहतंच. जिओला 2जी-3जी नाही, त्यामुळं व्होल्टी चालू झाल्याशिवाय साधा कॉलसुद्धा लागत नाही. बाहेर देशासाठी बनवलेल्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याकडच्या कंपनीची व्होल्टी असेलच असं नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल तर निदान 2जीवर बोलणं तरी होतं. बीएसएनएलचं 4जी 28वर म्हणजे 700 मेगाहर्ट्झवरही आहे आणि तुमच्या यादीत 28 आहे, तेव्हा जवळ त्यांचा 4जी टॉवर असला तर तेही बघा. आणखी एक, काही कंपन्यांचा फोन ज्या भागात विकला तिथलंच सिम आधी चालवावं लागतं. भावाला तिथं घेतल्या घेतल्या तिथलं सिम घालून एक कॉल करायला सांगा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. उद्याच थोरल्या भावाचा फोन घेऊन आखाड्यावर जातो, त्यात बँड 5 आहे. तोवर एवढं सांगा: सौदीतून आणलेल्या फोनवर जिओची व्होल्टी कुणाकडं चालतेय का? चालत असेल तर डब्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहा. नुसत्या नावावरून बँड कळत नाहीत.