मामांच्या जिभेवरचा पांढरा थर जाईना, गोळ्या चुकल्यामुळं असंल का?

कोरेगावकर_पोरगं
नमस्कार मंडळी. माझे मामा एचआयव्हीच्या गोळ्यांवर हायत, बरीच वर्षं झाली, तब्येत एकदम ठणठणीत होती. यंदा कारखान्याचा सीझन सुरू झाल्यापासनं रात्रपाळीत गोळी कधी घेतली कधी राहिली असं चाललंय. आता महिना होत आला तोंड आलंय, जिभेवर आन गालाच्या आतनं दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर, पुसला तर निघतो पण खाली लालभडक. भाकरी दुधात कुस्करून खात्यात, ठेचा बंद. मामी मधातनं टाकणखार लावत्यात, मेडिकलवाल्यानं बी-कॉम्प्लेक्स दिलंय. एका दातांच्या डॉक्टरकडं नेलं तर आजार ऐकल्यावर 'आमच्याकडं सोय नाही' म्हणून वाटंला लावलं. मामा म्हणत्यात उष्णता हाय, तोंड आलं म्हणून कोण सिव्हिलला जातं का.

मिरजेचा_दातवाला
उष्णता नाही वाटत भावा. पुसल्यावर निघतो आणि खाली लाल दिसतं म्हणजे बहुतेक कॅन्डिडा, बुरशी. ही बऱ्याच जणांच्या तोंडात असतेच पण गप पडून असते, प्रतिकारशक्ती उतरली की डोकं वर काढते, सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली गेलेल्यांत तर फार बघायला मिळते. बी-कॉम्प्लेक्सनं बुरशी मरत नाही. क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट देतात, जास्त असेल तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, पण त्या मनानं आणून खाऊ नका. आणि नुसता पेंट लावून थर घालवला तर सीडी४ का उतरला ते तसंच राहील, म्हणून एआरटी सेंटरला (जिथनं एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं) जाणं महत्त्वाचं. गिळताना छातीत दुखतं का विचारा, दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, मग अजिबात थांबू नका.
बाकी डॉक्टरनं परत पाठवलं ते चुकीचंच, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं असा भेदभाव करता येत नाही. हत्यारं सगळ्याच पेशंटला निर्जंतुक करून वापरायची असतात, वेगळी सोय कसली डोंबलाची.

वाई_वरून
म्हणजे जीभ पांढरी झाली की एचआयव्ही?? माझ्या आजीची पण तशीच हाय, घाबरवू नका राव

मिरजेचा_दातवाला
नाही हो. शुगर वाढलेली, कवळी रात्रभर तोंडात, दम्याचा पंप मारून चूळ न भरणं, अँटिबायोटिक बरेच दिवस, यानंही होतं. आजीची शुगर तपासा. मिश्री लावत असतील आणि डाग पुसून निघतच नसेल तर मात्र दातांच्या डॉक्टरला दाखवाच, तंबाखूचा डाग वेगळा असतो, तो कधी कधी कॅन्सरकडं जातो. एचआयव्हीतपण एक न निघणारा डाग असतो, जिभेच्या कडेला, उभ्या रेघा रेघा, दुखत नाही म्हणून कुणी बघतच नाही. टाळूवर जांभळा चट्टा दिसला तर तोपण लगेच दाखवायचा.

तासगावची_ताई
मी स्वतः गोळ्यांवर आहे म्हणून लिहितेय. माझं हिरड्यांपासनं सुरू झालेलं, ब्रश केला की रक्त, तोंडाला इतका वास की मी पदर लावून बोलायचे, आणि बघता बघता दात हलायला लागले. मी पायरिया समजून मिठाच्या गुळण्या करत बसले. तपासलं तर सीडी४ खाली. गोळ्या नीट सुरू केल्यावर हिरड्या सुधारल्या, गेलेले दोन दात काय परत आले नाहीत.
दादा, मामांना म्हणावं गोळ्या चुकल्यात ते सेंटरला लपवू नका, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी) करतील म्हणजे गोळी अजून लागू पडतेय का ते कळतं, आणि पैसे लागत नाहीत. अजून एक, तोंड आलं की आपल्याकडं ॲसिडिटीचं गुलाबी औषध पितात ना, त्यातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम डोलुटेग्राव्हिरची, म्हणजे आपली एचआयव्हीची गोळी अंगी लागू देत नाही. गोळी आधी घ्यायची, ते औषध दोन तासांनी. साताऱ्यात ओळखीचं कोण भेटेल ही भीती असेल तर नोंदणी सांगलीच्या सेंटरला बदलून घेता येते. १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन केला तरी माहिती देतात, फुकट आहे.

कोरेगावकर_पोरगं
ताई तुमचं वाचून दाखवलं मामांना, दात हलले म्हटल्यावर गडी जरा गप झाला. गिळताना दुखतंय असं आता म्हणत्यात, आधी बोललेच न्हवते! गुलाबी औषध पण घेत होते, तेबी गोळीच्या टायमालाच. उद्या सकाळी सातारच्या एसटीनं नेतोय, पाळी बुडाली तर बुडाली. जुनं सीडी४ चं कार्ड सापडंना, ते लागतं का?

तासगावची_ताई
नंबर त्यांच्याकडं असतो, निघा. गोळ्यांची बाटली मात्र घ्या, उरलेल्या मोजतात. आणि मामींचीपण तपासणी झालीय ना?