मदत हवी आहे: ट्रेलरचा पंप रात्री आपोआप चालू होतो

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनला असतो, जुना २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) आहे. सगळे नळ बंद असले तरी १२ व्होल्टचा पाण्याचा पंप दर वीसेक मिनिटांनी घर्रर्र करतो नि दोन सेकंदांत थांबतो. झोपेचं पार खोबरं! सिंकखाली, हीटरमागे, कमोडपाशी टिश्यू पेपर फिरवून पाहिला, कोरडाठाक. गंमत म्हणजे कॅम्पग्राउंडच्या नळाला होज जोडला, की पंप बंद असूनही ट्रेलरमधली पाण्याची टाकी हळूहळू भरते. परवा तर ओव्हरफ्लोमधून पाणी खाली गळायला लागलं. म्हणजे पंपातला चेक व्हॉल्व्हच (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) गेलाय ना? तेवढाच बदलून भागेल, की पंपाच्या पुढे लाइनमध्ये वेगळा बसवू? गेल्या हिवाळ्यात गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत पाइप गोठून फुटू नयेत म्हणून भरायचं द्रव) भरायला आठवडाभर उशीर झाला (चूक माझीच), त्यात पंपाचं हेडच तडकलं असेल का?