एकर हा शब्द 'एक'वरून आला का? आणि गुंठे 40च का?

काळंरान (परभणी)
'एक औत दिवसात नांगरील ते एकर' असं पारावर सांगतात. शब्द 'एक'वरूनच आला का? आणि गुंठे 40च का, 100 का नाहीत?

धुरकरी
औताचं खरं, 'एक'चं नाही. जुन्या इंग्रजीत 'ॲकर' म्हणजे नुसतं शेत, मापाचा संबंध नव्हता. जर्मन 'आकर', लॅटिन 'आगेर', ग्रीक 'आग्रोस' आणि ऋग्वेदातला 'अज्र' ही त्याची भावकी. ॲग्रिकल्चरमधला 'ॲग्री' याच घरातला.

माप मागाहून चिकटलं: बैलांचं औत दिवसात नांगरील तेवढं रान. पट्टी लांबट धरायचे, 660 फूट लांब, 66 फूट रुंद. कारण जड नांगराला बरेच बैल जुंपले की धुऱ्यावर वळवणं जिकिरीचं. वळणं जितकी कमी, तितकं काम जास्त. ते 660 फूट म्हणजेच फर्लांग, नांगराच्या एका तासाची (सरळ चराची) लांबी.

मोजणीवाला
40चं उत्तर साखळीत आहे. इंग्रज गणिती एडमंड गंटर यांनी 1620मध्ये 66 फुटांची, 100 कड्यांची साखळी आणली. (क्रिकेटची 22 यार्डांची खेळपट्टी बरोबर तेवढीच.) अशा 10 चौरस साखळ्या म्हणजे 1 एकर, 43,560 चौरस फूट. आपल्याकडं मोजणीला साखळी धरली निम्मी: 33 फूट लांब, तिचे 16 भाग, भागाला म्हणायचे आणा. लांबी निम्मी झाली की चौरस पाव होतो. 33 × 33 म्हणजे 1,089 चौरस फूट, हाच गुंठा. म्हणून 10चे 40.

काळंरान (परभणी)
मग सातबाऱ्यावरचं 1.20 म्हणजे 1 एकर 20 गुंठे ना?

मोजणीवाला
नाही! तिथं हेक्टर-आर असतात. 1 हेक्टर 20 आर, म्हणजे 2 एकर साडेअडतीस गुंठ्यांच्या थोडं वर. आर आणि गुंठाही एक नव्हे: आर 100 चौरस मीटर, गुंठा 101.17. हेक्टरमागं 100 गुंठे धरले तर सुमारे 1,260 चौरस फूट जागा कागदावर उगीच वाढते. खरेदीखताआधी हे तपासाच.

धुरकरी
पेरणीतही हाच घोळ होतो. 1 एकर 20 गुंठे म्हणजे दीड एकर, कॅल्क्युलेटरवर 1.5 टाकायचं. 1.20 टाकलं तर सोयाबीनचं बियाणं एकरी 30 किलोनं 45ऐवजी 36 निघतं. मग तिफण शेवटच्या 12 गुंठ्यांत रिकामी फिरते, नाहीतर सगळीकडं पातळ पेरा होतो. गुंठ्यांना आधी 40नं भागा, मग एकरात मिळवा.