मृगाच्या आत चार अर्धवट विणकामं हातावेगळी कशी करायची?

अर्धीमुर्धी (पुणे)

यंदा मे महिन्यात आम्ही कुठेच जात नाही आहोत. एरवी परीक्षा संपली की गुहागर ठरलेलं. पण एप्रिलात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे एसटीचं नावसुद्धा काढायचं नाही. कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट, आम्ही पाच जण, एक वॉकर, आणि १५ जूनपर्यंत शाळा बंद.

म्हटलं चला, आता बेडच्या पोटातली ती पिशवी काढूच. काढली. त्यातून काय काय निघालं ते सांगते, हसू नका.

नवऱ्याचा बिनबाह्यांचा मरून स्वेटर. २०१९ मध्ये घातलेले टाके. पाठ पूर्ण, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत. लोकर कमी पडेलसं वाटून थांबले होते, आणि थांबले ते थांबलेच.

नणंदेच्या बाळाचा सेट: स्वेटर, टोपडं, मोजे. सगळं विणून तयार, फक्त शिवायचं राहिलंय. बाळ आता चार वर्षांचं आहे आणि सायकल चालवतं.

लेकीचा पिवळा पोंचो. ती सहा वर्षांची असताना सुरू केलेला, आता ती अकराची आहे.

आणि सासूबाईंची शाल, पांढरी, वेणीच्या विणीची, आठ नंबरच्या सुयांवर ११० टाके. ही एकच गोष्ट खरोखर चालू होती. "होती" म्हणायचं कारण पुढे.

गेल्या मंगळवारी दुपारी मी जरा आडवी झाले होते. चिरंजीवांनी (वय ८) फ्रीजमधून पेप्सीकोला काढला. तो दाताने फुटेना. कात्री वरच्या कप्प्यात. मग समोर सोफ्यावर शाल दिसली. सुई चांगली टोकदार असते ना आई, असं त्याने मला नंतर अगदी शांतपणे समजावून सांगितलं. एक सुई रिकामी बाजूला पडलेली होती, पण ती घेतली नाही. टाके असलेली सुई उपसली, पेप्सीकोल्याला भोक पाडलं, सुई धुतली (हे विशेष!) आणि परत शालीवर नीट आडवी ठेवून दिली. मी उठून बघते तर ११० टाके उघडे, वारा खात पडलेले. दोन वेण्यांमधून तर टाके खाली घसरलेले, दोन-तीन ओळी. वर ऑरेंज रंगाचा एक थेंब.

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, मला काय थंडी वाजतेय आत्ता?" त्याने मला जास्तच वाईट वाटलं. शाल तशीच उचलून मोठ्या ताटात ठेवलीय, वर दुसरं ताट झाकून. चार दिवस झाले, हात लावलेला नाही.

तर मदत करा. चारांपैकी आधी काय हातात घेऊ? शाल वाचेल का? मरूनची लोकर तुळशीबागेत शोधली, तीच कंपनी, तोच शेड नंबर, पण लेबलवरचा लॉट (रंगवलेली खेप) वेगळा आणि उजेडात फरक कळतोय. आणि या उकाड्यात घामेजल्या हातांनी विणायचं कसं? ७ जूनला मृग लागतं, त्याच्या आत सगळं धुऊन वाळवून झालं पाहिजे. मागे एकदा पावसाळ्यात स्वेटर धुतला होता, तीन दिवस वाळला नाही आणि वास बसला तो बसलाच.

डोंबिवलीची मावशी

अगं, आधी ते ताट काढ. वरणभात आहे का तो?

टाके चार दिवस नुसते पडून राहिले तर काही होत नाही. हलवाहलवीने सुटतात. आता असं कर. सकाळी, मुलं झोपलेली असताना, टेबलावर गडद रंगाची चादर अंथर. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, गडदवर टाका लगेच दिसतो. आठ नंबरची सुई घेऊच नकोस, बारा नंबरची घे. बारीक सुई टाक्यात शिरताना टाका ओढला जात नाही. धागा ज्या टोकाला लोंबतोय त्याच्या विरुद्ध टोकापासून ओवत ये, म्हणजे शेवटी सुईचं टोक धाग्यापाशी येईल आणि लगेच पुढची ओळ घेता येईल. उलटे-सरळ कसेही आले तरी आधी सगळे सुईवर घे. मग पुढच्या ओळीत एकेक सुधार. टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा, नाहीतर टाका पिळतो.

जे खाली घसरलेत त्यांना सेफ्टी पिन लाव आणि सोड. नंतर क्रोशाच्या सुईने आडव्या दोऱ्या एकेक करून वर चढवता येतात. पण वेणीचा पीळ जिथे घातलाय त्याच्याही खाली टाका गेला असेल तर शौर्य दाखवू नकोस. पीळ घालण्याआधीच्या उलट ओळीपर्यंत सरळ उसव. चार-सहा ओळी जातील. ११० टाक्यांच्या सहा ओळी म्हणजे दोन दुपारी.

आणि हे झाल्यावर त्याच उलट ओळीतून सुती दोरा ओवून ठेव, सगळ्या टाक्यांतून. दर दहा-बारा ओळींनी तो दोरा वर सरकवायचा. पुन्हा कोणी पेप्सीकोला फोडला तर शाल त्या दोऱ्याच्या खाली उसवणार नाही. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत कार्यानुभवाचा तास घेतलाय, चाळीस मुलींच्या चाळीस सुया एकदम पडताना पाहिल्यात.

ऑरेंज डागावर आत्ता काही लावू नको. गार पाण्याने टिपून घे, बाकी सगळं शेवटच्या धुण्यात बघू.

उलट-सुलट (नाशिक)

मी पुरुष आहे, विणतो, आईकडून शिकलो. हे आधीच सांगतो, म्हणजे "ताई" म्हणून उत्तरं येणार नाहीत.

मरून स्वेटरबद्दल. लोकर कमी पडेल हे "वाटलं", की मोजलं? स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. पूर्ण झालेली पाठ तोला. पुढच्या भागाला तेवढीच किंवा गळ्यामुळे थोडी कमी लोकर लागते. मग अर्धवट पुढचा भाग तोला, सुई काढून नाही, सुईसकट, आणि तशीच दुसरी रिकामी सुई तोलून तेवढं वजन वजा करा. शेवटी उरलेली लोकर तोला. दोन मिनिटांत कळतं.

लॉट वेगळा आला तर दोन रस्ते आहेत. सलग भागात वापरायचीच असेल तर दोन ओळी जुन्या गोळ्याच्या, दोन ओळी नव्याच्या, असं आलटून पालटून विणा, म्हणजे रंगाची रेघ एका जागी उमटत नाही. पण बिनबाह्यांच्या स्वेटरला सोपा उपाय म्हणजे गळ्याची आणि दोन्ही मुंढ्यांची पट्टी नव्या लोकरीने करायची. एक सुलट एक उलट विणीत उजेड वेगळा पडतो, तिथे शेडचा फरक डोळ्यांना तसाही लागत नाही. मात्र तिन्ही पट्ट्या एकाच गोळ्यातून.

अर्धीमुर्धी (पुणे)

मावशी, पहाटे साडेपाचला उठून केलं. बारा नंबरची सुई माझ्याकडे एकच निघाली, पण पुरली. ११० पैकी १०७ मिळाले. उरलेले तीन एकाच वेणीत होते आणि अर्थातच पिळाच्या खाली. शौर्य दाखवलं नाही. आठ ओळी उसवल्या. सासूबाई वॉकर घेऊन शेजारी येऊन बसल्या आणि उसवलेला धागा त्यांनीच गुंडाळला. मधेच म्हणाल्या, "आमच्या वेळी खुर्चीच्या पाठीवर लडी चढवायचो." मग पूर्ण दुपार त्या आणि माझी लेक खुर्च्या फिरवत होत्या.

सुती दोरा ओवलाय. पांढऱ्यावर लाल, मुद्दाम. चिरंजीवांना दाखवलाय आणि त्याचा अर्थही समजावलाय.

उलट-सुलट, वजन केलं. पाठ १०४ ग्रॅम. पुढचा भाग ५८. उरलेली लोकर ४६. म्हणजे पुढच्या भागाला अजून ४६ लागले तरी तेवढी आहेच, गळ्यामुळे थोडी उरेलसुद्धा! इतकी वर्षं मी "लोकर कमी आहे" म्हणून तो स्वेटर बेडमध्ये ठेवला होता. नवऱ्याला हे आकडे सांगितलेले नाहीत. पट्ट्यांपुरता नवीन लॉटचा एक गोळा आणते.

ठेचा_भाकर (अकोला)

तुम्हा पुणेकरांना उकाडा म्हणायचं तर आमच्याकडे काय म्हणायचं? इथे शाळाही तुमच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नवतपा (सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून यायचाच आहे.

मी गेली कित्येक वर्षं मे महिन्यात विणतो आहे. हो, मीही पुरुषच, नाशिककर एकटे नाहीत. माझं वेळापत्रक असं: सकाळी सहा ते आठ विणकाम, दुपारी काहीच नाही, रात्री जेवल्यावर फक्त शिवण आणि टोकं लपवणं. घामाच्या हाताने वीण घट्ट होते. सकाळची आणि दुपारची वीण एकाच पाठीवर आली तर मधे पट्टा दिसतो, म्हणून दुपारी विणायचंच नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. काही लोक पावडर लावतात, मला आवडत नाही, लोकरीत जाते. धातूच्या सुया घामाने सटकतात, बांबूच्या सुयांवर टाका धरून राहतो.

अंगावर शाल घेऊन बसू नका. शेजारी स्टूल ठेवा, सगळं वजन स्टुलावर. आणि कूलरच्या झोतात लोकर ठेवू नका, वाळ्याचा वास छान असतो पण ओल धरली की कुबट होते.

क्रम विचारलात म्हणून सांगतो: बाळाचा सेट आधी. त्याला फक्त शिवण राहिलीय ना? मग तो अर्धवट नाहीच मुळी, तो आळस आहे. (रागावू नका, माझ्याकडेही तीन आहेत.)

अर्धीमुर्धी (पुणे)

रागावले नाही. खरंच आहे. मला टाके घालायला आवडतं, शिवायला अजिबात नाही. शाळेतही मी विणून द्यायचे आणि शेजारची मुलगी शिवून द्यायची, बदल्यात तिचं विणकाम मी करायचे. पण सायकल चालवणाऱ्या बाळाला तो सेट कोण घालणार?

डोंबिवलीची मावशी

पुढचं बाळ येईल ना कोणाचं तरी. येतंच. आपल्याकडे बारशाची पत्रिका कधी थांबलीय?

शिवण तुला आवडत नाही कारण तू काठाकाठाने वरून टाचत असणार. तसं करू नको. दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी ठेव. काठाचा पहिला टाका आणि दुसरा टाका यांच्या मधे आडव्या दोऱ्या दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. एकदा इकडची पायरी, एकदा तिकडची, सुईत उचलत जा. पाच-सहा झाल्या की धागा हलकेच ओढ. दोन्ही काठ आत वळतात आणि शिवण दिसतच नाही. पहिल्यांदा ओढशील ना, तेव्हा मला आठवशील.

पिवळ्या पोंचोचं काय करणार आहेस?

अर्धीमुर्धी (पुणे)

तुम्हाला आठवलं. मुलांच्या बाबांना बोलावून दाखवलं, त्यांनी क्रिकेटवरची नजर न काढता "मस्त" म्हटलं. सेट शिवून झाला, एकूण दोन मॅच लागल्या.

पोंचो उसवला. लेकीला विचारून. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, पण तिला उसवायला इतकी मजा आली की तिने मला हातच लावू दिला नाही. दाराच्या कडीपासून खिडकीपर्यंत धागा ओढत न्यायचा, आणि भाऊ मधे पकडायला. धागा मॅगीसारखा कुरळा झाला होता. आजीने सांगितलं तसं लड्या करून, चार जागी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून बाथरूमच्या नळाला टांगल्या, खाली शाम्पूची बाटली वजनाला. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सरळ. आता तिला स्वतःला टाके घालायचेत. बारा टाके घातलेत, प्रत्येक ओळीत एक वाढतोय, त्यामुळे ते काहीतरी त्रिकोणी होत आहे. मी बोलत नाही.

शाल: ३४ इंच झाली, ६० हवी. लाल दोरा दोनदा वर सरकवला. ऑरेंज ठिपका अजून आहे, सासूबाई म्हणतात तो नको काढूस, खूण राहू दे.

मरूनचा पुढचा भाग काल संपला. लोकर उरली ७ ग्रॅम.

गच्चीवर शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळताहेत. त्यांच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जुनी खाट आहे, तिथे दोन्ही भाग धुऊन पसरायचे आहेत. काकूंनी एकच अट घातलीय, कुरडया राखायला माझा मुलगा पाठवायचा नाही.

उलट-सुलट (नाशिक)

लोकर ॲक्रिलिक असेल तर धुतल्यावर इस्त्री फिरवू नका, वाफसुद्धा जवळून नको. वीण कायमची मरते, लोंबते. पसरून, मापाला टाचण्या लावून वाळवा, बस. गळ्याचे टाके उचलताना दोन्ही बाजूंना सारखे मोजून घ्या. आणि टाचण्या स्टीलच्या असू द्यात, माझ्या एका स्वेटरवर गंजाचे सोळा ठिपके आहेत.