आण्णांचं तीन वर्षांचं 'गजकर्ण' आता सोरायसिस निघालं, मेथोट्रेक्सेट सुरू करावं का?

सांगोल्याची_लेक

नमस्कार, बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सांगते. माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, वय 56, सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल चट्टे आले, वर पांढरा पापुद्रा. पहिल्यांदा सगळे म्हणाले फवारणीच्या औषधाची ॲलर्जी असेल, मग कोणीतरी गजकर्ण म्हणालं, मग मेडिकलमधून ट्यूब. ट्यूब लावली की आठ दिवसांत चट्टा फिका, बंद केली की परत, आणि आधीपेक्षा मोठा. असं दोन वर्षं चाललं. मागच्या पावसाळ्यात डोक्यात पण आलं, कोंडा म्हणून शाम्पू बदलत बसलो. मग तालुक्याच्या एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि खरं सांगते, चार दिवसांत अंग एकदम साफ, घरात सगळे खूश. दर दीड महिन्याला एक अशी पाच झाली. आता चट्टे पाठीवर, पोटावर, पायांवर सगळीकडे आहेत.

आण्णांनी गावातल्या न्हाव्याकडे जायचं सोडलंय, तो काही बोलला नव्हता पण शेजारी बसलेला माणूस उठून गेला म्हणे. माळकरी माणूस, पण भजनाला पण जात नाहीत. उन्हाळ्यात सुद्धा फुल बाह्यांचा शर्ट.

मी पुण्यात असते, मागच्या आठवड्यात जबरदस्तीनं इकडे आणून स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी नखं बघितली, मग कानामागं, बेंबीत, कमरेखाली, कपडे काढून सगळं बघितलं, तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी असं बघितलं. सोरायसिस म्हणाले. बायोप्सी करायला सांगितलीय, एक्सरे आणि रक्ताच्या बऱ्याच तपासण्या, आणि रिपोर्ट बरे आले तर मेथोट्रेक्सेट. घरी फोन करून सांगितलं तर काकांनी नेटवर बघून कॅन्सरची गोळी आहे म्हणून रान उठवलं, बायोप्सी म्हटल्यावर आई रडायलाच लागली. माझे प्रश्न: बायोप्सी खरंच लागते का? ही गोळी सुरक्षित आहे का? कायमचं बरं होणार का? आणि माझ्या धाकट्या भावाचं लग्नाचं बघतायत, त्याला पण होईल का असं आता नातेवाईक विचारायला लागलेत. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

अठरा_वर्षं_सोबत

ताई, मला 18 वर्षांपासून सोरायसिस आहे, त्यामुळे तुमच्या आण्णांचा फुल बाह्यांचा शर्ट मला न बघता दिसला. आधी सगळ्यात महत्त्वाचं, ते इंजेक्शन आता पुन्हा घेऊ देऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. माझं काय झालं ते सांगतो. मी पण असंच दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचो, स्टेरॉइड होतं हे मला खूप उशिरा कळलं. एकदा कामामुळे दोन महिने गेलो नाही आणि डोक्यापासून पायापर्यंत लालभडक झालो, चट्टा कुठला आणि चांगली कातडी कुठली तेच कळेना, पापुद्रे इतके की सकाळी अंथरूण झटकलं की पसाभर निघायचे. मे महिना होता आणि मला थंडी वाजून हुडहुडी भरत होती, पायांवर सूज. 11 दिवस ॲडमिट होतो. तिथले डॉक्टर म्हणाले कातडीच काम करेनाशी झाली की अंगातलं पाणी आणि उष्णता धरून ठेवता येत नाही, जिवावर बेतू शकतं. आण्णांना असं अंगभर लाल आणि थंडीताप झालं, किंवा चट्ट्यांवर बारीक पुवाचे फोड आले, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ मोठं हॉस्पिटल.

शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. मी लाजून लपवलं होतं.

गोळीबद्दल, मी मेथोट्रेक्सेट मधे मधे बंद करत एकूण सहा वर्षं घेतलंय. सुरुवातीला गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं, नंतर कमी झालं. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसत नाही, मी तर वैतागून सोडणार होतो, दीड-दोन महिन्यांनी पापुद्रा पातळ व्हायला लागला. कायमचं बरं होतं का, तर नाही. पण गेली दोन वर्षं माझ्या अंगावर डाव्या कोपराचा एक रुपयाएवढा चट्टा सोडला तर काही नाही. हाफ शर्ट घालतो.

दवाखाना_ते_वसतिगृह

मी त्वचारोग विभागात काम करते. इथं बसून डोस सांगणार नाही, पेशंट बघितलेला नाही, पण तुमच्या प्रश्नांमागचं सांगू शकते.

बायोप्सीचं आईंना असं सांगा: जागा बधिर करून 3-4 मिलिमीटरचा, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढा, कातडीचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो, त्याच दिवशी घरी. कॅन्सर शोधायला नाही. साध्या सोरायसिसला खरं तर डोळ्यांनी बघून निदान होतं, बायोप्सी लागत नाही. पण आण्णांच्या अंगावर तीन वर्षं स्टेरॉइडची ट्यूब आणि इंजेक्शनं झालीत, त्यानं चट्ट्याचं रूपच बदलतं, मग इसब आहे की बुरशी आहे की सोरायसिस हे नुसतं बघून पक्कं सांगणं अवघड जातं. आणि पुढे काही वर्षं चालणारं औषध सुरू करायचं असेल तर रोगाचं नाव पक्कं हवं, यात मला तरी तुमच्या डॉक्टरांचं बरोबर वाटतं.

गजकर्ण आणि सोरायसिसची गल्लत आम्ही रोज बघतो. गजकर्ण बुरशीचं असतं, कडेनं पसरतं आणि मध्ये साफ होत जातं, खाज भयंकर, घरात दोघांतिघांना असतं. चट्ट्याची खरवड काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं की बुरशीचे धागे दिसतात, थोड्या वेळाचं आणि स्वस्तातलं काम आहे. ते पहिल्या वर्षी झालं असतं तर तुमची दोन वर्षं वाचली असती, मला हे लिहिताना पण वाईट वाटतं. सोरायसिस ठरावीक जागा धरतो, कोपर, गुडघे, डोकं, कंबर, बेंबी, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तिथं बघितलं. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात किंवा नखाखाली तेलाचा डाग पडल्यासारखं पिवळसर दिसतं. पापुद्रा हलक्या हातानं खरवडला तर मेणबत्तीच्या मेणासारखा निघतो आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके येतात (हे घरी करून बघू नका प्लीज).

मला दोन गोष्टी विचारायच्यात. आण्णांना सकाळी उठल्यावर बोटं, मनगट, टाचा आखडलेल्या असतात का, अर्धा तास, तास? आणि बीपीची गोळी चालू आहे का, कोणती?

काळा_फळा

आमच्याकडे एक जण वैदूच्या काळ्या पुडीनं पूर्ण बरा झालाय, साईड इफेक्ट नाही, पत्ता पाहिजे तर सांगतो. एवढ्या जड गोळ्या घ्यायच्या आधी एकदा करून बघायला काय हरकत आहे, मनापासून सांगतोय.

दवाखाना_ते_वसतिगृह

काळा_फळा दादा, तुमचा हेतू चांगलाच आहे, पण आत काय आहे ते लिहिलेलं नाही अशी पुडी कृपया कोणाला सुचवू नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं निघतं, कधी पारा, शिसं, आर्सेनिक. ज्या पुडीनं आठ दिवसांत अंग साफ होतं तिचाच जास्त संशय घ्यावा, कारण इंजेक्शननं पण अगदी तसंच झालं होतं ना. आयुर्वेद घ्यायचा असेल तर पदवी असलेल्या वैद्यांकडे, कागदावर नाव लिहून, आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना लिव्हरवर बोजा पडेल असं काही दोघांना विचारल्याशिवाय नाही.

सांगोल्याची_लेक

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर ताई, तुम्ही विचारलं म्हणून आत्ता आण्णांना विचारलं. सकाळी बोटं आखडतात, मूठ वळायला चहा होईपर्यंत वेळ लागतो, उजव्या पायाचं दुसरं बोट सुजलेलं आहे, ते म्हणतात बागेत ठेच लागली होती, पण ठेच लागून पाच महिने झालेत! आम्ही हे डॉक्टरांना सांगितलंच नाही, कातडीचा आणि सांध्याचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. बीपीची गोळी आहे, चार वर्षं, मेटोप्रोलॉल लिहिलंय.

अजून एक, आण्णांच्या हातावर नवीन चट्टे रेघेसारखे येतात, जिथं डाळिंबाच्या काट्यांनी ओरखडलंय बरोबर तिथंच. आणि ते रोज अंघोळीला वज्रीनं घासून पापुद्रे काढतात, मी ओरडते पण ऐकत नाहीत.

दवाखाना_ते_वसतिगृह

बरं झालं विचारलं. सोरायसिस नुसता कातडीचा रोग नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून पेटलेली असते, साधारण 28 दिवसांचं कातडीचं चक्र काही दिवसांत उरकतं म्हणून पापुद्रा साचतो, आणि तीच आग सांध्यात पण लागू शकते. दर तीन-चार पेशंटमागे एकाला हे होऊ शकतं. अख्खं बोट सॉसेजसारखं सुजणं हे त्याचं मोठं लक्षण. रक्तातला आरए फॅक्टर (सांधेवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी) यात बहुतेक वेळा निगेटिव्ह येतो, म्हणून निगेटिव्ह आला की काही नाही असं समजून घरी बसू नका. सांधा एकदा झिजला की परत भरून येत नाही, त्यामुळे सांधेवाताच्या डॉक्टरांना म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टना दाखवण्याबद्दल बोला. आणि आता मलमांवर थांबण्यापेक्षा पोटातून औषध घेण्याचं कारण अजून वाढलं, हे काकांना सांगा.

मेटोप्रोलॉलच्या गटातल्या गोळ्यांनी काही लोकांचा सोरायसिस वाढतो. स्वतःहून बंद अजिबात करू नका, हृदयावर परिणाम होतो, पण बीपीच्या डॉक्टरांना विचारा की बदलता येईल का.

रेघेचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. सोरायसिसवाल्या माणसाला जिथं ओरखडा, भाजणं, घासणं होतं तिथं साधारण दहा-वीस दिवसांत नवा चट्टा उठू शकतो, याला कोबनर म्हणतात. म्हणजे छाटणीला जाताना जाड हातमोजे आणि ते फुल बाह्यांचे शर्ट, इथं मात्र ते उपयोगाचे आहेत. वज्री बंद. त्याऐवजी कोमट पाणी, आणि अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल, दिवसातून दोनतीनदा, भरपूर. पापुद्रा मऊ झाला की मलम आत जातं, कोरड्या पापुद्र्यावर लावलेलं मलम वरच राहतं.

भावाचं: संसर्ग नाही, शिवून, एका ताटात जेवून, एकाच वस्ताऱ्यानं होत नाही. अनुवंशाचा वाटा आहे, पण ज्यांच्या आईवडिलांपैकी एकालाच आहे अशा बहुतेक मुलांना होत नाही.

औषधी_दुकान_मिरज

मी फार्मासिस्ट आहे, मला एकच गोष्ट ओरडून सांगायचीय. मेथोट्रेक्सेट सोरायसिसला आठवड्यातून एकदाच असतं. रोज नाही. रोज एक असं समजून घेतलेल्या माणसाच्या तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी पडतात, माणूस दगावू शकतो, आणि गोळी एवढीशी, स्ट्रिप स्वस्त, त्यामुळे कोणाला वाटत नाही की यात एवढी ताकद असेल. आमच्याकडे एक आजी आहेत, त्यांना मी बाजाराचा वार ठरवून दिलाय. बाजाराच्या दिवशी गोळी, बाकी दिवशी नाही, सुनेनं कॅलेंडरवर खूण करायची. डॉक्टर बरोबर फॉलिक ॲसिड देतील, ती वेगळी गोळी, वेगळ्या दिवशी, दोन्हींचा रंग पिवळा असू शकतो म्हणून डब्या वेगळ्या ठेवा.

कॅन्सरच्या गोळीचं म्हणाल तर हो, तेच औषध आहे, पण कॅन्सरमध्ये काही वेळा ग्रॅममध्ये देतात आणि इथं आठवड्याला काही मिलिग्रॅम. सोरायसिसला हे 50 वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. काकांना हे पण सांगा, फॉलिक ॲसिड आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही ज्या प्रयोगशाळेतून पुढं आली तिथं संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, मला याचा फार अभिमान वाटतो.

दारू चालत नाही, आण्णा माळकरी आहेत म्हणजे तो प्रश्नच नाही. सर्दीखोकल्याला, लघवीच्या त्रासाला कोणी को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे असं आधी सांगा, दोन्ही एकत्र घेतली तर रक्तपेशी धोकादायक खाली येतात. अंगदुखीची गोळी पण मनानं नाही. रक्त, लिव्हर, किडनीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा कराच, बरं वाटतंय म्हणून चुकवू नका.

आणि त्या ट्यूबचं, जिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र असतं, 2018 साली सरकारनं बरीच स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं तरी आमच्याच धंद्यातले लोक ती अजून सर्रास देतात. मला याची लाज वाटते.

अठरा_वर्षं_सोबत

ताई, मशीनच्या उजेडाचं पण विचारून ठेवा, नॅरोबँड म्हणतात, 311 नॅनोमीटरचा उजेड, मला खूप फायदा झाला होता, पण आठवड्याला दोनतीन वेळा जावं लागतं, पंचवीस-तीस वेळा तरी. सांगोल्याहून ते आण्णांना जमेल असं वाटत नाही, पुण्यात तुमच्याकडे दोन-तीन महिने राहिले तर बघा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत खर्च कमी असतो. इंजेक्शनं म्हणजे बायोलॉजिक्स पण आहेत आता, ती स्टेरॉइड नाहीत, फार छान चालतात पण खर्चिक, आणि आधी टीबीची तपासणी करतात कारण दबलेला टीबी उठू शकतो. ते पुढचं झालं.

आण्णांशी मला फोनवर बोलायचं असेल तर इथं निरोपात सांगा. मी पण न्हाव्याकडे जायचं चार वर्षं सोडलं होतं.

सांगोल्याची_लेक

(नऊ दिवसांनी लिहितेय) बायोप्सी झाली, एक टाका, आण्णा म्हणाले काटा यापेक्षा जोरात लागतो. रिपोर्ट सोरायसिसच आला. एक्सरे, लिव्हर, हेपॅटायटिस सगळं ठीक. पायाचं बोट दाखवलं तर स्किनच्या डॉक्टरांनी लगेच रुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांचं पण म्हणणं सांध्यांचा सोरायसिस, गोळी तीच, दोन्हींना चालेल. बीपीची गोळी पुढच्या भेटीत बदलून देणार आहेत. पहिला डोस परवा रविवारी झाला, रविवार ठरवलाय, आईनं कालनिर्णयवर पुढच्या सगळ्या रविवारांना कुंकवाचं बोट लावून ठेवलंय. मळमळलं थोडं, लिंबू दिलं.

दादा, आण्णा तुमच्याशी बोलायला तयार आहेत, संध्याकाळी सातनंतर, हरिपाठ झाल्यावर. नंबर निरोपात पाठवते.