मातीसचं गुलाबी नग्नचित्र: रसग्रहण कुठून सुरू करावं?

नौपाडाकर: ठाण्यातल्या आमच्या रसग्रहण गटात रविवारी फ्रेंच चित्रकार आंरी मातीसच्या १९३५च्या पहुडलेल्या गुलाबी नग्नाकृतीवर बोलायचं आहे. हातपाय अवाढव्य, डोकं एवढंसं, खाली निळ्या चौकटी. हे असं का?

रेषाबंध: अर्थ नंतर, आधी कडा बघा. ए-फोर प्रिंट काढा, पण चित्र पूर्ण आहे ना ते तपासून. नेटवरच्या कित्येक प्रतींच्या कडा छाटलेल्या असतात आणि या चित्राचा सगळा ताण कडांपाशीच आहे. ट्रेसिंग पेपरवर फक्त शरीराची बाह्यरेषा काढा, मग बाहेर उरलेले आकार पेन्सिलीने भरा. ते शरीराइतकेच ठाशीव निघतील. हात मोठा झालाय तो चौकट व्यापण्यासाठी. शरीरशास्त्राचा हिशेब इथे लावू नका. कॅनव्हास जेमतेम ६६ बाय ९३ सेंमी, तरी आकृती भव्य वाटते ती त्यामुळे.

आणखी एक: मातीसने कागदाचे तुकडे कॅनव्हासवर टाचून आकार सरकवत नेले आणि २२ टप्प्यांचे फोटो काढून घेतले. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा. सुरुवातीला खोलीला खोलवरपणा आहे, खुर्ची आहे, फुलं आहेत. पुढे काय काय गेलं त्याची यादी करा, निम्मं रसग्रहण तिथेच होतं.

पारसिक_हिल: सोबत पहुडलेल्या नग्न स्त्रीचीच आणखी दोन चित्रं ठेवा: टिशियनची १५३८ची ऊर्बिनोची व्हीनस आणि फ्रेंच चित्रकार एदुआर माने याची ऑलिम्पिया. टिशियनमध्ये पाठीमागे दालन, दासी. माने याच्या चित्रात पार्श्वभूमी अगदी पाठीला येऊन भिडते. मातीसकडे मागची जागाच संपते.

‘निळा म्हणजे दुःख, चौकटी म्हणजे कैद’ असं मात्र कृपया नको. निळ्या भागावर कागद ठेवून बघा, गुलाबी लगेच मवाळ पडतो. रंगाचं काम असं शेजाऱ्यावर अवलंबून असतं.

नौपाडाकर: पहिला टप्पा सापडला, फरक जबरदस्त आहे. पण मग ती बाई व्यक्ती म्हणून उरते का?

पारसिक_हिल: माझ्या मते फारशी नाही. मॉडेल होती लिडिया डेलेक्टोर्स्काया. चेहरा मोजक्या रेषांवर आला आणि शरीराने चित्र व्यापलं, म्हणून आक्षेप रास्तच आहे. फक्त तो मांडताना चित्रातली जागा बोटाने दाखवा.

रेषाबंध: सहमत. आणि मातीसचं नाही तरी कुठलंही मूळ चित्र गटाला एकदा समोर उभं राहून बघू द्या, प्रिंटमध्ये रंगाचा थर कळत नाही. ठाण्याहून सीएसएमटी लोकल, पुढे काळा घोडा. तिथल्या जहांगीर कलादालनात प्रवेश मोफत. जवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं.